केबल तोडली कुणी?

रस्ता, जलवाहिनी, गटार अशा खोदकामांत देशभर दरवर्षी सुमारे १० लाख वेळा ऑप्टिकल फायबर तुटते आणि त्यापायी ३,००० कोटी रुपयांच्या घरात नुकसान होते. २२ मार्च २०२३ रोजी ‘कॉल बिफोर यू डिग’ हे अ‍ॅप आणताना केंद्र सरकारनेच हे आकडे दिले. भागाकार केला तर एका तुटीमागे सरासरी ३० हजार रुपये पडतात, आणि खरी मेख इथेच आहे. वाहनविमा सोडून इतर विम्यात १ लाख रुपयांपासून पुढच्या नुकसानीलाच परवानाधारक सर्व्हेअर नेमण्याची सक्ती आहे. त्याखालचे दावे टेबलावर, बिले पाहून निकाली काढता येतात. म्हणजे तुटलेली केबल कुणी जाऊन पाहिलीच पाहिजे असे नाही. माझे म्हणणे उलट आहे. अशा दाव्यात बिलाची काटछाट दुय्यम. नुकसान कशाने झाले हे आधी ठरले पाहिजे, आणि ते जागेवरच ठरते.

कळमनुरी तालुक्यातले डोंगरकडा घ्या. नांदेड-हिंगोली रस्त्याच्या पट्ट्यातले हे केळीच्या बागांचे गाव. अशा गावांत रस्त्याकडेची अरुंद पट्टी सगळ्यांनाच हवी असते: रुंदीकरणाला तीच, नळयोजनेच्या पाइपाला तीच, ग्रामपंचायतीकडे जाणाऱ्या फायबरलाही तीच. फायबर साधारण १६५ सेंटिमीटर खोल पुरायची असा दंडक. पण काळी माती संपून खडक लागला की खोली कमी होते आणि वरून काँक्रीट द्यावे लागते. ते दिले होते का, हे बिल सांगत नाही, खड्डा सांगतो. तुटलेल्या टोकांवरूनही बरेच कळते. जेसीबीच्या दाताने ओढलेल्या केबलचे आवरण तुटण्याआधी ताणले जाते, उंदराने कुरतडल्यावर बारीक खुणा राहतात, जळालेले टोक वितळून गोळा होते. जोडीला ओटीडीआर यंत्राचा आलेख असतो. प्रकाशाचा झोत सोडला की पडद्यावरची रेघ हळूहळू उतरत जाते आणि तुटीपाशी एकदम कोसळते. त्यावरून अंतर मिळते. मात्र ते फायबरचे, रस्त्याचे नव्हे. चेंबरमध्ये वेटोळे करून ठेवलेली जादा केबल वजा केली नाही, तर खड्डा भलत्याच शेतासमोर शोधला जातो.

यंत्रांचे प्रकरण याहून किचकट. वळवाच्या पावसात वीज पडते आणि राउटर, चार्जर, टॉवरखालची कार्डे जातात. आगविम्याच्या प्रमाणित पॉलिसीत वीज पडण्याची जोखीम धरलेली असते, म्हणून लोक निर्धास्त असतात. तीच पॉलिसी पुढे एका कलमात सांगते, की शॉर्टसर्किट, जादा दाब किंवा विजेची गळती यांमुळे त्या विद्युत उपकरणाचेच नुकसान झाले तर ते वगळले आहे. मग कारण आकाशातली वीज का असेना. त्यासाठी इलेक्ट्रॉनिक उपकरणांचा वेगळा विमा असतो. त्यात सुटा भाग बदलला तर सहसा घसारा कापत नाहीत, सगळे यंत्र गेले तर कापतात, आणि विमा रक्कम नव्या यंत्राच्या किमतीपेक्षा कमी धरली असेल तर भरपाईही त्याच प्रमाणात उतरते. घसाऱ्यावर तासन्‌तास वाद घालणारे अर्थिंगची मोजणी मात्र मागत नाहीत.

कारण शोधणे म्हणजे दावा नाकारायला निमित्त शोधणे, असा आक्षेप येईल. तो निराधार नाही. पण सर्व्हेअरचा अहवाल ब्रह्मवाक्य नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्येच सांगून ठेवले आहे. शिवाय कारणाची नोंद बहुधा विमेदाराच्याच पथ्यावर पडते. भरपाई दिल्यावर विमा कंपनीला त्याच्या जागी उभे राहून दोषी ठेकेदाराकडून वसुली करता येते, आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्यानेही नेटवर्कचे नुकसान करणाऱ्यावर भरपाईची जबाबदारी टाकली आहे. ठेकेदाराच्या पॉलिसीत भूमिगत केबलचे कलम घातलेले असेल, तर खोदण्याआधी केबलची जागा विचारली होती का, यावरच त्याचे संरक्षण ठरते. हा प्रश्न कुणी विचारला नाही, तर ठेकेदाराच्या निष्काळजीपणाचा हप्ता केबलचा मालक भरत राहतो.

गावाचे नुकसान यात कुठेच मोजले जात नाही, हा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो. सेवा केंद्रावर सातबारा मिळाला नाही, बँक मित्राचे यंत्र बंद पडले, याची भरपाई केबलच्या पॉलिसीत नसते. त्यावर विमा हा उपाय नव्हेच. दुसऱ्या बाजूने येणारी वाट हा उपाय आहे, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये १,३९,५७९ कोटींच्या सुधारित भारतनेटला मंजुरी देताना रिंग पद्धत स्वीकारली ती त्यासाठीच.

राहिला खर्चाचा मुद्दा. ३० हजारांसाठी नांदेडहून माणूस पाठवणे परवडत नाही, हे खरे. मग दोन्ही टोकांचे जवळून घेतलेले फोटो, खड्ड्याची खोली, वेळेसह ओटीडीआरचा आलेख आणि खोदकामाची आगाऊ सूचना आली होती की नाही याची नोंद, एवढे दाव्याच्या फाइलीत सक्तीचे करावे. एकाच चेंबरजवळून तिसरा दावा आला, की रकमेकडे न पाहता माणूस गेलाच पाहिजे.