गोळी परळची, नजर शहापूरची

तानसाचे पाणी १८९२ पासून जलवाहिनीतून मुंबईला जाते. तानसाच्या माणसाला मात्र परळचे टाटा रुग्णालय गाठायचे तर आटगावहून कसारा लोकल धरावी लागते, वर दिवसाची मजुरी बुडते.

क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया हा रक्ताचा कर्करोग वर्षाला लाखात एखाद-दोघांनाच होतो. २००१ साली इमॅटिनिबची गोळी आली आणि बहुतेकांसाठी तो मधुमेहासारखा सांभाळायचा आजार झाला. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नोव्हार्टिसचा पेटंटचा दावा फेटाळला, त्यामुळे स्वस्त देशी गोळीची वाटही मोकळी राहिली. अट एकच : गोळी रोज घ्यायची. भातलावणीत परळची फेरी हुकते, गोळ्या संपतात, आणि बरे वाटतेय म्हणून त्या बंदच होतात. घात होतो तो इथे.

जनुकाची तपासणी मोठ्या रुग्णालयातच व्हावी. सुरुवातीला ती दर तीन महिन्यांनी लागते. पण पेशींची मोजणी तालुक्यालाही होऊ शकते. त्यासाठी परळच्या तज्ज्ञाने गावच्या डॉक्टरला चार ओळी लिहून द्यायला हव्यात : पेशी किती उतरल्या तर गोळी थांबवायची, अडल्यास फोन कुणाला करायचा. क्षयावरचे रिफाम्पिसिन या गोळीचा जोर कमी करते, हेही त्यात हवे. आपल्या भागात क्षय काही दुर्मिळ नाही. जाडजूड फाईल पिशवीत असतेच, पण ती वाचायला वेळ कुणाला? घरच्यांनी पुढच्या खेपेस त्या चार ओळी मागूनच घ्याव्यात, आणि एक प्रत तालुक्याच्या डॉक्टरकडे ठेवावी.