पद्मिनीचा पारा उतरवा!

आजोबांची प्रीमियर पद्मिनी अजून दारात उभी आहे? मग तुम्ही नशीबवान! मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी 2023 मध्ये निवृत्त झाली, तुमची मात्र अजून धावू शकते. फक्त सिग्नलला तिचा पारा चढतो ना?

कारण सोपं आहे. तिच्या 1089 सीसी इंजिनाचा वॉटर पंप पट्ट्यावर फिरतो. इंजिन संथ, की पंपही संथ. म्हणजे ट्रॅफिकमध्ये नेमकी गरज असते तेव्हाच पाणी रेंगाळतं. 12 व्होल्टच्या इलेक्ट्रिक पंपाला इंजिनाच्या वेगाशी देणंघेणं नाही. सेन्सर तापमान पाहतो, कंट्रोलर पंपाचा वेग ठरवतो. इंजिन बंद केल्यावरही थोडा वेळ पाणी फिरवत ठेवता येतं.

पण थांबा, लगेच ऑर्डर देऊ नका! आधी रेडिएटर साफ करून घ्या. तोच तुंबलेला असेल तर नवा पंप तरी काय करणार? गाडीला जुना डायनामो असेल, तर आयडलिंगला तो जेमतेम वीज देतो आणि बॅटरी उतरते. तेव्हा अल्टरनेटरचा विचार आधी करा. पंप खालच्या होजमध्ये, जमेल तितका खाली बसवा. रिले, फ्यूज हवेतच. पाणी भरताना आतली हवा पूर्ण काढा.

शेवटचं, पण महत्त्वाचं. हा पंप गुपचूप बंद पडू शकतो. लक्ष टेम्परेचर गेजवर ठेवा, नाहीतर हेड गॅस्केट गेलंच म्हणून समजा! आणि काढलेला जुना पंप भंगारात देऊ नका. उद्या गाडी मूळ रूपात हवीशी वाटली, तर तोच कामी येईल.