जुनी चेतक लीन चालतेय? जेट बदलण्याआधी हे तपासा

आज बोलूया टू-स्ट्रोक चेतकबद्दल. बजाजची ही स्कूटर 1972 साली आली आणि आजही कितीतरी घरांत, झाकून का होईना, उभी आहे. ती बाहेर काढली की एक तक्रार हमखास येते: ॲक्सिलेटर सोडला तरी रेस लगेच खाली येत नाही, इंजिन फार तापतं आणि चढाला दम सोडतं. ही लक्षणं लीन मिश्रणाची, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी.

आता तुम्ही म्हणाल, पेट्रोल कमी लागतंय, चांगलंच की! पण टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलमधूनच जातं. पेट्रोल कमी, तर ऑइलही कमी. वरून इंजिन गरम. मग पिस्टन फुगून सिलिंडरला धरतो आणि चालत्या गाडीचं मागचं चाक लॉक होतं. म्हणून हा विषय फक्त ॲव्हरेजचा नाही, जिवाचा आहे.

बरेच जण उपाय म्हणून ऑइल वाढवतात. उलटाच परिणाम! टाकीतल्या प्रत्येक थेंबात ऑइल वाढलं की तेवढं पेट्रोल घटतं, आणि मिश्रण आणखी लीन होतं. लिटरला 20 मिली प्रमाण असेल तर तेच ठेवा.

मग शोधायचं कसं? आधी चोक. चालू गाडीचा चोक जरा ओढा. गाडी सुधारली, तर लीनची खात्री झाली.

दुसरं, पेट्रोल येतंय का? गाडी चार-पाच किलोमीटरनंतर बंद पडत असेल तर टाकीचं झाकण उघडून पाहा. त्यावरचं हवेचं भोक बुजलं की पेट्रोल उतरत नाही. कॉक, पाइप, कार्ब्युरेटरची जाळी, जेट हेही साफ करा.

तिसरं, बाहेरची हवा कुठून शिरतेय? कार्ब्युरेटरखालचं पॅकिंग बघा. मग क्रँकची ऑइल सील. मॅग्नेटकडची सील गेली तर हवा आत येते आणि रेस आपोआप चढते. क्लचकडची गेली तर गिअरबॉक्सचं ऑइल ओढलं जातं: पांढरा धूर येतो आणि गिअर ऑइलची पातळी उतरते. पक्की परीक्षा हवी असेल तर मेकॅनिककडून इनटेक आणि एक्झॉस्ट बंद करून 5-6 पीएसआय हवा भरून घ्या, जोडांवर साबणाचं पाणी लावा. बुडबुडे दिसले, तिथे गळती.

शेवटी प्लग. मोकळ्या रस्त्यावर, मागे-पुढे गाडी नसताना, जरा वेगात चालवा, मग क्लच दाबून इंजिन बंद करा आणि गाडी थांबली की प्लग काढा. गरम असतो, जपून! चहाच्या रंगाचा असेल तर ठीक. पांढराफटक असेल तर लीन. काळा-ओला असेल तर उलट, पेट्रोल जास्त.

गळती सापडली की आधी ती बंद करा. गळती तशीच ठेवून मोठा जेट टाकला तर आज गाडी शांत वाटेल, पण सील आणखी झिजली की पुन्हा तोच प्रसंग. आणि वाटेत इंजिनचा आवाज अचानक जड झाला, तर विचार करत बसू नका, लगेच क्लच दाबा. चाक मोकळं राहील, तुम्ही उभे राहाल. बाकी गाडी नंतर दुरुस्त होईल.