वनस्पतींचें शेजारवैर

पावसाळ्यांत अकोल्याहून अमरावतीकडे निघालें, कीं रस्त्याच्या कडेस बारीक पांढऱ्या फुलांचें एक तण दृष्टीस पडतें. दिसावयास तें निरुपद्रवी. परंतु ज्या पडीक जागेंत तें शिरलें, तेथें गुरांच्या तोंडीं लागण्याजोगा चारा फारसा उरत नाहीं. हेंच तें गाजर गवत. मूळचें तें अमेरिका खंडांतलें. महाराष्ट्रांत १९५६ च्या सुमारास पुण्यास त्याची नोंद झाली.

याच्या जोराचें कारण केवळ भराभर होणारी वाढ नव्हे. याच्या पानाफुलांत ‘पार्थेनिन’ नांवाचें द्रव्य असतें. पानें कुजलीं, पाऊस पडला, म्हणजे तें मातींत उतरतें आणि शेजारच्या बियांचें रुजणें व कोंबांची वाढ रोखून धरतें. वनस्पतींच्या अशा परस्पर परिणामास हान्स मोलिश या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञानें १९३७ सालीं ‘ॲलेलोपॅथी’ हें नांव दिलें.

हा गुण परदेशी तणाचाच, असें मात्र समजूं नये. जिची भाकर आपण रोज खातों, त्या ज्वारीच्या केसासारख्या बारीक मुळ्यांतूनही पिवळसर, तेलकट थेंब पाझरतात. त्यांतील ‘सॉर्गोलिओन’ हें द्रव्य कोवळ्या तणांची उन्हावर अन्न तयार करण्याची क्रियाच अडवितें. ज्वारीचीं धसकटें कुजतांनाही कांहीं आम्लें सुटतात. म्हणून त्याच जागीं लगेच टाकलेलें नाजूक बी कधीं कधीं खुरटतें. पुढें मातींतील सूक्ष्म जंतू हीं द्रव्यें मोडून टाकतात. तेव्हां धसकटें वेंचून, वखरून, जमीन कांहीं काळ उघडी ठेवण्यांत शहाणपण आहे. अर्थात् प्रत्येक खुरटलेल्या रोपाचा दोष या द्रव्यांवर लादूं नये. पाणी, ऊन आणि खत यांसाठींही झाडें झगडतातच.

आतां या गवताचें करावें काय? वऱ्हाडांत ज्याच्या कोवळ्या पानांची भाजी करतात, त्या तरोट्याचें बी पावसाळ्यापूर्वीं पडीक जागेंत दाट फेंकावें. तो आपल्या सावलीनें, आणि पाल्यांतील द्रव्यांनींही, गाजर गवतास दाबून टाकतो. घराभोंवतींचें गवत फुलावर येण्यापूर्वींच मुळासकट उपटावें. मात्र उघड्या हातांनीं नव्हे, कारण त्याच्या स्पर्शानें अंगास खाज सुटते आणि परागानें कित्येकांस दम्याचा त्रास होतो. पिशाचाला पिशाचानेंच हुसकावें, तशांतला हा प्रकार. पण येथें मंत्र लागत नाहीं, मूठभर बी आणि वेळीं केलेले श्रम पुरतात.