रविवारच्या वर्गानंतरचे सहा दिवस

अठराव्या शतकात होळकर, शिंदे आणि पवार यांच्या पाठोपाठ अनेक मराठी कुटुंबे माळव्यात आणि ग्वाल्हेरीस येऊन स्थिरावली. पुढे संस्थाने गेली, दरबार गेले, परंतु घरातली भाषा टिकून राहिली. तिला मराठी शाळांचा आधार होता, हे खरे. पण मुख्य काम केले ते आजी-आजोबांनी, स्वयंपाकघराने आणि देवघराने. आज इंदूर, देवास, उज्जैन किंवा ग्वाल्हेर येथील पुष्कळ घरांत निराळाच अनुभव येतो. मुलाला मराठीत प्रश्न विचारावा, त्याला तो पुरता समजावा आणि उत्तर मात्र हिंदीत यावे! कान मराठी आणि जीभ हिंदी, अशी ही पिढी आहे. हिच्या मुलांचे कान तरी मराठी राहतील काय, ही आमची चिंता आहे.

यावर उपाय म्हणून ठिकठिकाणी मराठीचे साप्ताहिक वर्ग भरवले जातात. हौशी शिक्षिका, एक खोली, एक फळा आणि पंधरा मुले, असे त्यांचे सर्वसाधारण स्वरूप. आता साधा हिशेब करून पाहू. तासाची 60 मिनिटे पंधरा जणांत वाटली, तर प्रत्येकाच्या वाट्याला चार मिनिटे येतात. त्यांतून हजेरी, वाचन आणि समजावणे वजा जाता मूल स्वतः बोलते ते जेमतेम एक मिनिट. उरलेले सहा दिवस मराठी त्याच्या तोंडी येतच नाही. भाषा ही बोलूनच येणारी विद्या आहे. म्हणून वर्गाचे खरे दुखणे रविवारी नसून सोमवार ते शनिवार या दिवसांत आहे, आणि समाजमाध्यमांचा उपयोग असेल तर तो नेमका तेथे आहे.

व्हॉट्सॲपवर ध्वनिसंदेश पाठवण्याची सोय 2013 साली आली. तिचा उपयोग आपण बहुधा निरोप देण्यापुरताच करतो; परंतु भाषाशिक्षकाच्या हाती ते एक उत्तम साधन आहे. शिक्षिकेने सोमवारी अर्ध्या मिनिटाचा उतारा वाचून पाठवावा. मुलाने तो हवा तितक्या वेळा ऐकावा, मग स्वतःच्या आवाजात म्हणून परत पाठवावा. मनासारखे झाले नाही तर पुसून पुन्हा म्हणता येते. चारचौघांत बोलताना लाजणारे मूल येथे एकांतात पाच वेळा प्रयत्न करते, आणि तो प्रत्येक प्रयत्न म्हणजे अभ्यासच असतो. रोज एकच मिनिट बोलले, तरी सहा दिवसांत वर्गातल्या बोलण्याच्या सहापट सराव होतो.

हिंदी परिसरातल्या मुलांना तर कानाने शिकण्याची विशेषच गरज आहे. लिपी एकच असल्यामुळे ती मराठी मजकूर सहज वाचतात, पण हिंदी उच्चारांनी. ‘चार’ आणि ‘चारा’ या दोन शब्दांतला ‘च’ निराळा आहे, हे छापील पानावरून कळण्याजोगे नाही. ते ऐकूनच कळते. ‘ळ’ची गोष्टही तीच. व्याकरणातही असेच अडथळे आहेत. हिंदीत नपुंसकलिंग नाही, म्हणून मुले ‘माझी पुस्तक’ म्हणतात. हिंदीत ‘आवाज’ स्त्रीलिंगी आहे, म्हणून ‘माझी आवाज’ म्हणतात. ‘आपण जाऊ’ आणि ‘आम्ही जाऊ’ यांतला भेद तर एकट्या ‘हम’वर वाढलेल्या मुलाच्या ध्यानातच येत नाही. शिवाय ‘शिक्षा’, ‘चेष्टा’, ‘यातायात’ हे शब्द दोन्ही भाषांत आहेत, पण अर्थ अगदी वेगळे! असा एकेक शब्द रोज गटावर द्यावा आणि मुलांकडून त्याचे वाक्य बोलून घ्यावे. सुधारणा एका वेळी एकाच चुकीची, आणि तीही त्या मुलालाच स्वतंत्रपणे कळवावी. कौतुक मात्र सर्वांसमक्ष करावे.

लेखनासाठीही हाच मार्ग आहे. मोबाईलवर मराठी बोलावे आणि ते देवनागरीत उमटावे, ही सोय गुगलने ऑगस्ट 2017 मध्ये उपलब्ध करून दिली. मुलाने बोलावे, यंत्राने लिहावे आणि मुलाने यंत्राच्या चुका शोधाव्यात. शुद्धलेखनाचा याहून आनंददायक पाठ क्वचितच सापडेल. समाजमाध्यमांतला एक दोषही अभ्यासाला उपयोगी पडतो. पु. ल. देशपांडे किंवा व. पु. काळे यांच्या नावावर फिरणारे कितीतरी उतारे त्यांचे नसतातच. मोठ्या मुलांना असा एखादा उतारा द्यावा आणि तो खरोखर कोणत्या पुस्तकात आहे, हे शोधायला सांगावे. त्या निमित्ताने ती ग्रंथालयाची पायरी चढतील.

आता शिक्षकांविषयी. अशा वर्गांतली शिक्षिका बहुधा एकाकी असते. बालभारतीची पुस्तके संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. पण ती मुख्यतः ज्यांच्या भोवती मराठी वावरते अशा मुलांसाठी लिहिलेली आहेत. ती आपल्या मुलांसाठी कशी वळवावी, हे इंदूरच्या शिक्षिकेने अनुभवाने शोधले, तर ग्वाल्हेरच्या शिक्षिकेला ते कळावे कसे? या बाबतीत इंग्रजीच्या शिक्षकांचे एक उदाहरण घेण्यासारखे आहे. 2010 साली देशोदेशींच्या इंग्रजी शिक्षकांनी ट्विटरवर, ज्याचे नाव 2023 पासून एक्स झाले आहे, ‘ईएलटीचॅट’ नावाचा उपक्रम सुरू केला. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या एका विषयावर चर्चा आणि नंतर कोणीतरी लिहिलेला तिचा सारांश, एवढीच त्याची रीत. पण तिच्यामुळे एकट्या शिक्षकाला सहकारी मिळाले. आपल्याकडे सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडून कविता आणि गोष्टी मुलांच्या कानांपर्यंत पोहोचवल्या. 2020 साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तेव्हा त्यांनी त्यातली अर्धी रक्कम अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. शिक्षकाची विद्या आणि तिचे फळ वाटून घेण्याची ही वृत्ती आम्हांला यंत्राहून मोलाची वाटते.

सावधगिरीही हवी. गटात आलेल्या प्रत्येकाचा दूरध्वनी क्रमांक इतरांना दिसू शकतो. म्हणून लहान मुलांना गटात न घेता पालकांचाच गट करावा. 2023 च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील व्यक्तीला बालक मानले आहे आणि त्याची माहिती हाताळण्यापूर्वी पालकांची संमती आवश्यक ठरवली आहे, हेही लक्षात ठेवावे. गटावर सुप्रभात आणि सुविचार यांना मज्जाव असावा. दिवसाला एकच पाठ द्यावा. तो आटोपला की मोबाईल पालकांच्या हाती परत जावा. 2020 साली शाळा बंद झाल्या, तेव्हा मोबाईलवर येऊन पडणाऱ्या स्वाध्यायांचा ढीग आपण पाहिलाच आहे. पाठवणे म्हणजे शिकवणे नव्हे. मुलाचा आवाज परत येतो आणि कोणीतरी तो मनापासून ऐकते, तेव्हाच शिकवणे घडते.

हे ऐकण्याचे काम एकट्या शिक्षिकेचे नाही. नागपूरची आत्या, पुण्याचा मामा, ग्वाल्हेरचे आजोबा यांनी आठवड्यातून एकदा नातवाला एक गोष्ट आवाजात पाठवावी आणि मराठीतल्या उत्तराची वाट पाहावी. उत्तर हिंदीत आले तर रागावू नये. तेच वाक्य मराठीत म्हणून प्रेमाने परत पाठवावे.

3 ऑक्टोबर 2024 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. आपल्याला त्याचा अभिमान आहेच. पण दर्जा ग्रंथांना मिळतो, जीवन बोलण्याला लागते. आजीच्या प्रश्नाला नातवाने मराठीत उत्तर द्यावे, हे कोणतेही मंत्रिमंडळ घडवून आणू शकत नाही. ते आपल्या घरात, सोमवारपासून शनिवारपर्यंत, रोज एका मिनिटाने घडू शकेल.