संतती मोजली, सुख वगळले

रघुनाथ धोंडो कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकाचा पहिला अंक जुलै १९२७ मध्ये मुंबईत निघाला. ऑक्टोबर १९५३ मध्ये कर्वे गेले आणि पाठोपाठ मासिकही बंद पडले. त्या पहिल्या अंकाची शंभरी आता जवळ आली आहे. या शतकाचा हिशेब आपण एका ठरलेल्या रीतीने मांडत आलो आहोत: कर्वे काळाच्या पुढे होते, समाजाने त्यांना छळले, पण अखेर त्यांचेच म्हणणे सरकारने उचलून धरले, म्हणजे शेवटी तेच जिंकले. मला हा हिशेब मान्य नाही. कर्वे दोन गोष्टी सांगत होते. मूल कधी आणि किती होऊ द्यायचे हे ठरवण्याची साधने माणसाच्या, त्यातही बाईच्या हाती हवीत, ही एक. कामसुख हे मुळातच चांगले आहे आणि त्यावर स्त्रीचा पुरुषाइतकाच हक्क आहे, ही दुसरी. पहिली गोष्ट या दुसरीच्या पायावर उभी होती. आपण पहिली उचलली आणि पाया तिथेच सोडून आलो.

कर्व्यांना शिक्षा नेमकी कशासाठी झाली, हे पाहिले की मुद्दा उलगडतो. संततिनियमनाचे केंद्र त्यांनी १९२१ मध्येच मुंबईत सुरू केले होते. त्या प्रचारापायी विल्सन कॉलेजातली गणिताची प्राध्यापकी गेली, पुढे घर बरेचसे पत्नी मालतीबाईंच्या कमाईवर चालले. पण अश्लीलतेचे खटले झाले ते वेगळ्याच मजकुरावर. १९३१ मध्ये व्यभिचारावरच्या लेखासाठी शंभर रुपये दंड झाला. १९३४ मध्ये वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून त्यांना पुन्हा कोर्टात उभे केले गेले. ते प्रश्न हस्तमैथुनाचे होते, समलिंगी आकर्षणाचे होते. या वेळी कर्व्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले. लैंगिक शिक्षणाला वाहिलेल्या मासिकाने वाचकांच्या खऱ्या शंकांना उत्तरे द्यायची नाहीत तर काय करायचे, असा त्यांचा सवाल होता, आणि त्यासाठी त्यांनी हॅवलॉक एलिससारख्या संशोधकांचे दाखले दिले. कर्वे खटला हरले, दंड दोनशे रुपये झाला. ते प्रश्नोत्तरांचे सदर मला सबंध मासिकातला सर्वांत मोलाचा भाग वाटते. घरात, शाळेत, डॉक्टरकडे जे विचारायची सोय नव्हती ते माणसे तिथे विचारत, आणि उत्तर देणारा ना दरडावत असे ना कीर्तन करत असे.

त्या काळातले विरोधकही आजच्यापेक्षा गंभीर होते, हे नोंदवायला हवे. डिसेंबर १९३५ मध्ये संततिनियमनाच्या अमेरिकन पुरस्कर्त्या मार्गारेट सँगर वर्ध्याला जाऊन गांधीजींना भेटल्या. कृत्रिम साधने गांधीजींना मान्य नव्हती, उपाय एकच होता तो संयमाचा. कर्व्यांच्या अगदी उलट टोकाचे हे मत. तरी कामेच्छेचे माणसाने काय करावे, हा दोघांनाही नीतीचा आणि जगण्याचा प्रश्न वाटत होता. स्वतंत्र भारताच्या सरकारने हा प्रश्नच पुसून टाकला. १९५२ मध्ये भारताने कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम राष्ट्रीय पातळीवर हाती घेतला, असे करणारा तो जगातला पहिला देश. पुढे त्या कार्यक्रमाचे चिन्ह म्हणून लाल त्रिकोण आला, १९६८ मध्ये 'निरोध' कंडोम आला, भिंतींवर 'हम दो, हमारे दो' आले. चित्रात हसरे कुटुंब होते, इच्छा कुठेच नव्हती. माणूस लोकसंख्येचा एक आकडा झाला की त्याच्यावर सक्ती करणे सोपे जाते. आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात ऐंशी लाखांहून अधिक नसबंद्या झाल्या. त्यानंतर पुरुषांनी अंग काढून घेतले आणि सगळा भार बायकांवर आला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्रियांची शस्त्रक्रिया झालेली दिसते. पतीची नसबंदी झालेल्या जोडप्यांचे प्रमाण ०.३ टक्के. ज्या साधनाने बाई मोकळी व्हावी असे कर्व्यांना वाटत होते, ते तिच्या वाट्याला आणखी एक घरकाम म्हणून आले.

यावर एक आक्षेप असा की कर्व्यांचे मानसशास्त्रच तोकडे होते. तो बराचसा खरा आहे. कामेच्छा ही त्यांच्या लेखी इतर शारीरिक गरजांसारखी एक गरज. ती भागली की प्रश्न मिटला. पण इच्छेत मत्सर असतो, कल्पना असते, नकाराची भीती असते, दुसऱ्याला आपण हवे आहोत हे कळण्याची तहान असते. विजय तेंडुलकरांच्या 'सखाराम बाइंडर' नाटकाने १९७२ मध्ये इच्छेत मिसळलेली सत्ता आणि हिंसा रंगमंचावर आणली. ती कर्व्यांच्या मांडणीत बसणारी नव्हती. हे सगळे मान्य करूनही मी म्हणेन की तोकडा सिद्धान्त पुढच्यांनी वाढवायचा असतो, आणि त्यासाठी आधी त्यावर उघड बोलावे लागते. दुसरा आक्षेप अधिक पसरलेला आहे: ही चार भिंतींआडची गोष्ट, तिची चर्चा कशाला? पण चर्चा थांबवली म्हणून भिंतींआड शांतता नांदत नाही. १९६० मध्ये डॉ. नरेंद्र विग यांनी 'धात सिंड्रोम'चे वर्णन केले: थकवा, धास्ती, उदासी घेऊन येणारे तरुण, आणि या सगळ्याचे मूळ वीर्यनाशात आहे ही त्यांची ठाम समजूत. हस्तमैथुनाने अपाय होत नाही, हे 'समाजस्वास्थ्य'ने कितीतरी आधी मराठीत छापले होते. ते सांगणे थांबले आणि ती जागा रुळांकडेच्या भिंतींवर गुप्तरोगांच्या जाहिराती रंगवणाऱ्यांनी घेतली. आणि २००७ मध्ये महाराष्ट्राने, कर्व्यांच्याच महाराष्ट्राने, शाळांमधल्या लैंगिक शिक्षणाच्या कार्यक्रमावर बंदी घातली.

सप्टेंबर २०१८ मध्ये तरी कर्व्यांची दुसरी बाजू जिंकली ना, असे कोणी विचारेल. त्या एकाच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध कलम ३७७ मधून मोकळे केले आणि व्यभिचाराला गुन्हा ठरवणारे कलम ४९७ रद्द केले. १९३४ आणि १९३१ च्या खटल्यांतले नेमके तेच दोन विषय. हे निकाल मोठे आहेत, त्यांनी असंख्य माणसांची मान ताठ केली. तरी त्यांनी दिले ते मुख्यतः हस्तक्षेपापासून संरक्षण. तुला काय हवे, हे माणसाला, त्यातही विवाहित बाईला विचारण्याची सवय कोर्टाच्या आदेशाने लागत नाही. कायद्यालाही ती पुरती लागलेली नाही. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने कलम ६३ मध्ये जुना अपवाद तसाच ठेवला आहे: पत्नी अठरा वर्षांखालील नसेल, तर पतीने तिच्याशी केलेला संभोग बलात्कार ठरत नाही. तिची इच्छा होती की नव्हती, हे त्या कलमाखाली कोणी विचारण्याचे कारणच उरत नाही.