सयाजीराव नावाचा घोडा

ज्या वऱ्हाडाने शंकरपटाचा षोक पिढ्यान्‌पिढ्या जोपासला, त्या वऱ्हाडातील वडनेर भोलजीच्या वाचकास जातिवंत जनावराचे मोल त्याच्या मायबापांवरून करण्याची रीत अपरिचित नसेल. परंतु थरोब्रेड या शर्यतीच्या जातीच्या घोड्यांच्या बाबतीत, 1791 मध्ये इंग्लंडात त्यांची वंशनोंदवही छापली गेल्यापासून, ही रीत एखाद्या दप्तरखान्याच्या काटेकोरपणास पोहोचली आहे.

बडोद्याचे महाराज प्रतापसिंहराव गायकवाड यांनी 1945 मध्ये इंग्लंडातील लिलावात वर्षाच्या शिंगरासाठी 28,000 गिनी, म्हणजे तत्कालीन हुंडणावळीने सुमारे 3 लाख 92 हजार रुपये मोजले, ते केवळ वंशावळीच्या भरवशावर. कारण शिंगरू अद्याप एकदाही धावले नव्हते, मात्र त्याचा बाप अपराजित नेआर्को होता आणि सख्खा भाऊ दांते त्याच वर्षी डर्बी ही शर्यत जिंकला होता. महाराजांनी त्यास आपल्या आजोबांचे नाव दिले. ज्या सयाजीरावांनी 1906 मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, त्यांच्या नातवाची ही उधळण मला क्षम्य वाटत नाही. घोड्याचे गुण मात्र निराळे मोजले पाहिजेत.

मराठी फौजेत शिलेदार स्वतःच्या घोड्यावर बसे, बारगिरास तो सरकारी पागेतून मिळे. शर्यतीत मात्र मालकी धन्याची, तालीम शिक्षकाची आणि स्वारी जॉकीची. सयाजीरावाची तालीम फ्रेड आर्मस्ट्राँगकडे होती. स्वार होता ऑस्ट्रेलियाचा एडगर ब्रिट, ज्याने 1943 मध्ये मुंबईच्या महालक्ष्मी मैदानावर ‘प्रिन्सेस ब्यूटिफुल’ या महाराजांच्याच घोडीवरून पहिली इंडियन डर्बी जिंकली होती.

1947 मध्ये एक मैलाच्या ‘टू थाउजंड गिनीज’मध्ये आणि दीड मैलाच्या डर्बीत सयाजीराव तिसरा आला, आणि भावाचे यश रक्तातून जसेच्या तसे उतरत नाही हे दिसून आले. परंतु त्याचा दमसास दीर्घ अंतरासाठी घडलेला होता. आयरिश डर्बी त्याने जिंकली. आणि सप्टेंबरात, देश स्वतंत्र होऊन काही आठवडेच लोटले असता, डॉनकास्टरच्या पावणेदोन मैलांहून अधिक लांबीच्या सेंट लेजरमध्ये आर्बार या घोड्यास अवघ्या मस्तकभर अंतराने मागे टाकले.

शर्यतीची कारकीर्द दोन-तीन वर्षांत आटोपते. नराची खरी परीक्षा त्यानंतर पैदाशीत होते. 1951 मध्ये भारत सरकारने प्रतापसिंहरावांची राजपदाची मान्यता काढून घेतली. घोड्याची कीर्ती मात्र त्याच्या संततीने वाढवली. त्याची कन्या ग्लॅडनेस 1958 मध्ये अ‍ॅस्कॉटचा सुवर्णचषक जिंकली, आणि 1964 मध्ये पुत्र इंडियाना याने बापाचीच सेंट लेजर सतरा वर्षांनी पुन्हा जिंकली.